आपाची झडप

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. वैद्यकावर बोलायचा मला अधिकार नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या दुखण्यात जे शिकावं लागलं, ते सांगतो.

2019च्या रमजानमधली गोष्ट. सहेरीच्या वेळी मी पाणी मागितलं. आपा वळली, ओठ हलले, पण शब्द आला नाही. उजव्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. शेजारी म्हणाले, अंगावरून वारं गेलं. कुणी मालीश करणाऱ्याला आणलं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. इस्पितळात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिथं कळलं. ते तास आम्ही घरातच घालवले होते.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मग डॉक्टर म्हणाले, छातीचा टू-डी इको करा. मला रागच आला. दुखणं डोक्याचं, आणि हे छाती कशाला तपासतात?

पडद्यावर हृदयाच्या डाव्या बाजूची, दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप दिसली. ‘झडप घालणं’ हे ससाण्याचं काम. ही झडप बापडी दाराची. निरोगी माणसात तिचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतं. आपाचं जेमतेम एक. त्यामुळे रक्त वरच्या कप्प्यात तुंबत होतं. कप्पा फुगला होता, आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरत होता. तुंबलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटली की महाधमनीतून मानेत आणि तिथून मेंदूत. आपाची मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली. बहुतेकांची भाषा तिथंच असते.

याचं मूळ लहानपणात होतं. आपाचा घसा सारखा दुखायचा. मग कधी गुडघा सुजे, तो उतरला की घोटा. अम्मी म्हणायची, वाढीचं वय आहे. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच झडपांवर उलटतं. पुढं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीन मिळालं असतं, तर वारंवार येणारा तो ताप रोखता आला असता. आम्ही ते अंगावर काढलं.

इस्पितळाच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांची महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली होती. जिना चढताना पाय रक्त मागतात, पण हृदयाला जास्त सोडता येत नाही, रक्तदाब घसरतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे पंधरा टक्के वाटा त्याला लागतो. काही सेकंद तो मिळाला नाही, की शुद्ध जाते. गुरुजी दोनदा जिन्यावरून पडले होते, आणि घरचे म्हणत होते, पित्त झालंय.

आपाला आता रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. आयएनआरचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. पालेभाजीसुद्धा रोज बेतानं.

तिला जात्यावरची ओवी सलग म्हणता येते, पण पाणी मागता येत नाही. ‘पा’वर अडते आणि माझ्याकडे बघत राहते. संध्याकाळी मी लिहीत बसलो, की वेळ विसरतो. मग ती डावा हात माझ्या वहीवर ठेवते आणि म्हणते, “गोळी.” हा एक शब्द मात्र तिचा स्पष्ट येतो.