जुन्या घराचे नळ

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईस आले आणि विहिरीवरची घागर हळूहळू तोटीखाली आली. पुढे घरोघर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ बसले. जस्त झिजले की लोखंड गंजते. गंजाचे थर साचून नळ आतून अरुंद होतो. वरच्या मजल्यावर धार बारीक पडते, आणि घरधनी दोष तोटीस देतो!

म्हणून न्हाणीघरास नवी फरशी घालण्यापूर्वी भिंतीतील नळ तपासावेत. जुन्या लोखंडास तांब्याचा नळ थेट जोडू नये. तेथे लोखंड लवकर खाल्ले जाते. शिशाचा नळ आढळल्यास तो काढूनच टाकावा. शिसे विष आहे, व त्याचा घाला लहान मुलांवर अधिक पडतो. फरशी पाहुण्यांस दिसते. पाणी मात्र घरची मुले पितात.