ही जाळी कशासाठी?

(बचत गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर ही काळी, तेलकट वस्तू ठेवली आहे ना, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. बोटीच्या इंजिनातला आहे. सक्षमीकरणाच्या सत्रात हे काय आणलं, असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. 'गटांचे उद्योग आणि तांत्रिक अडचणी' या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे आणि आमची सगळी अडचण या एका वस्तूत मावते, म्हणून तीच घेऊन आले.

सिंधुदुर्गातल्या एका खाडीत नऊ बायकांचा गट पर्यटकांसाठी बोट चालवतो. हा 'चालवतो' शब्द मी तीन वर्षं अहवालात लिहीत होते. प्रत्यक्षात बायका तिकिटं फाडायच्या, बोट धुवायच्या, पर्यटकांना जेवण रांधायच्या आणि बँकेचा हप्ता भरायच्या. सुकाणू एका सभासदेच्या दिराच्या हातात होतं. इंजिनावरचं झाकण उघडायचं ते फक्त तालुक्याहून येणाऱ्या मेकॅनिकने. एम.एस.डब्ल्यू. करताना मालमत्तेवरचा हक्क, निर्णयातला सहभाग यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. झाकण कोण उघडतं, हा प्रश्न मात्र मला कधी सुचला नाही.

आपल्याकडच्या मासेमारीच्या मोठ्या बोटींना डिझेल इंजिन असतं. त्याला ठिणगी लागतच नाही. आमची बोट मुंबईहून जुन्यात घेतलेली, आत बसवलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची. पेट्रोल पेटायला ठिणगी हवी. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन हजारो व्होल्ट होतात आणि हा डिस्ट्रिब्युटर तो जोर एकेका सिलिंडरला पाळीपाळीने पोचवतो. पंगतीत वाढणारी बाई जशी एकेका पानापाशी थांबत जाते, तसा आतला हा रोटर फिरतो. वाढपणीचा हात थरथरला तर एखाद्या पानावर पडत नाही, दुसऱ्यावर सांडतं. आमच्या इंजिनाचं तेच झालं होतं.

ऐन डिसेंबरात, ओहोटीच्या वेळी सहा पर्यटकांना घेऊन बोट खाडीत बंद पडली. मासेमारीच्या होडीने ओढून आणली. मेकॅनिक आला, पॉइंट घासले, पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा घासले, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, डिस्ट्रिब्युटरच गेला, बदलावा लागेल. बोटीचा नवा मागवला तर गटाची महिन्याची कमाई जाईल. भंगारात मोटारीचा मिळतो, हुबेहूब हाच, दहाव्या हिश्शात. आणि त्याने तो पिशवीतून काढून दाखवलासुद्धा.

सगळ्या जणी हो म्हणायच्या बेतात होत्या. मीही. गटातल्या एक मावशी मात्र जुना डिस्ट्रिब्युटर हातात घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. विकत घ्यायची वस्तू उलटीपालटी केल्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. त्यांनी विचारलं, "ही जाळी कित्याक?" इथे, बुडाजवळच्या या भोकावर बारीक तारेची जाळी आहे बघा. मेकॅनिक म्हणाला, कचरा जाऊ नये म्हणून. मावशी म्हणाल्या, "मगे ह्येका कित्याक नाय?" मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरला भोक होतं, जाळी नव्हती. तो हसला. "मावशी, ता पुरुषांचा काम, तुम्ही कित्याक डोक्याक त्रास करतास?"

त्या रात्री मी इंजिनाचं इंग्रजी पुस्तक काढलं. बोटीबरोबर आलेलं, पण माझ्या कपाटात पडून होतं. त्यात जाळीचं उत्तर होतं. डिस्ट्रिब्युटरच्या आत दर क्षणी ठिणग्या उडत असतात. मोटारीत पेट्रोलची वाफ सुटली तर ती खालून मोकळ्यावर जाते. बोट मात्र वाटीसारखी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेऊ शकते. ती डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरून पेटली तरी ज्वाला बाहेर पडू नये म्हणून ही जाळी. तार उष्णता शोषून घेते आणि ज्वाला आतच विझते. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांसाठी हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जो दिवा केला, त्यात हीच युक्ती आहे. अमेरिकेत पेट्रोल इंजिनाच्या बोटीवरची विजेची उपकरणं अशी सुरक्षित असणं कायद्याने सक्तीचं आहे. आपण बारा माणसं बसवणार होतो आणि त्यांच्या पायाखाली उघडी ठिणगी ठेवणार होतो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत हे सांगितलं. सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. नवा भाग मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार, म्हणजे ख्रिसमस आणि नववर्षाची गर्दी गेली. ज्यांचे दीर बोट चालवायचे त्या घरी भांडण होऊन दोन दिवस आल्याच नाहीत. एक जण मला सरळ म्हणाली, "ताई, तुझो पगार चालूच रवतलो." खरंच होतं ते. यावर मी काही बोलू शकले नाही. शेवटी हात वर झाले ते सहाविरुद्ध तीन.

त्या तीन आठवड्यांत आम्ही जुन्यावर शिकलो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आले. त्यांची पहिली अट, झाकण उघडायचं, तळाचा वास घ्यायचा, हवा खेळवणारा पंखा निदान चार मिनिटं चालवायचा, मगच ठिणगीची गोष्ट. घरात गॅसचा वास आल्यावर आपण दिव्याचं बटण दाबत नाही, तसंच.

मग शोध. कॉइलची मधली जाड तार काढून ठिणगी तपासायच्या उपकरणाला लावली, इंजिन फिरवलं. ठिणगी चांगली होती. तीच तपासणी प्लगच्या तारेवर केली तर कधी येई, कधी नाही. म्हणजे कॉइल ठीक, खोट वाटेत. टोपी काढून उन्हात धरली. आत दोन खुंट्यांच्या मधे पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. ओल धरली की वीज या रेघेवरून भलत्याच खुंटीकडे पळायची, म्हणून सकाळच्या फेरीला जास्त त्रास. पण नुसती टोपी बदलून भागणार नव्हतं. गुरुजींनी रोटरचा दांडा बोटांनी हलवायला सांगितलं. दांडा डुगडुगत होता, आतलं बुश झिजलेलं. पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर लागतं. दांडाच हलत असेल तर आज लावलेलं अंतर उद्या राहात नाही. पॉइंट घासायचे पैसे आम्ही दोनदा का मोजले, ते तेव्हा कळलं.

नवा आला तेव्हा गुरुजी काठावर बसून राहिले, हात लावला नाही. बॅटरीची ऋण तार आधी सोडली. प्लगच्या तारांना आणि टोपीला एक ते चार आकडे घातले, नेलपॉलिशने. एका नंबरचा प्लग काढून मावशींनी भोकावर बोट धरलं, दुसरीने इंजिन हाताने फिरवलं. हवेचा दाब बोटाला ढकलू लागला की खूण शून्यावर आणून थांबायचं. रोटरचं तोंड कुठे आहे ते रंगवून ठेवलं. डिस्ट्रिब्युटर वर उचलताना तिरक्या दात्यांमुळे रोटर थोडा वळतो. ती दुसरी जागाही रंगवली, कारण नवा घालताना तिथूनच सुरुवात करायची. मधल्या वेळात इंजिन अजिबात फिरवायचं नाही.

नवा पूर्ण खाली बसेना. एकीने हातोडी उचलली तेव्हा मात्र गुरुजी ओरडले. खालच्या टोकाला तेलाच्या पंपाची खाच असते, ती जुळली नव्हती. लांब स्क्रू ड्रायव्हरने पंपाचा दांडा किंचित फिरवला आणि डिस्ट्रिब्युटर आपोआप बसला.

पहिल्यांदा सुरू केलं तर कार्बोरेटरकडून असा धडाका झाला की काठावरची पुरुषमंडळी हसायला लागली. तारा आम्ही एक, दोन, तीन, चार अशा लावल्या होत्या. ही पंगत ओळीने बसत नाही. आमच्या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन. पुस्तकात लिहिलं होतं, मी वाचूनही दाखवलं होतं, आणि घाईत मीच चुकीचं सांगितलं. तारा बदलल्या. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. मग टायमिंग लाइट धरून खूण जुळवली आणि पट्टी आवळली.

१८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. वाटेत पेट्रोलची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि ठिणगीच्या उघड्या तारेला मोज्याच्या पट्ट्याने आवरण घातलं, असं सांगतात. ही गोष्ट मी गटाला सांगितली तर मावशी म्हणाल्या, "तिका पिन तरी गावली. आमका झाकण उघडूक तीन वर्सां लागली."

सुकाणू अजून दिराकडेच आहे. दोघींनी बोट चालवण्याच्या परवान्यासाठी अर्ज केले आहेत. त्यांतल्या एकीच्या घरून अजून होकार नाही. जादा टोपी, रोटर आणि चार प्लग घट्ट झाकणाच्या लाडवांच्या डब्यात बोटीवर असतात. तो मेकॅनिक अधूनमधून धक्क्यावर भेटतो, बोलतो नीट. जाळीचा विषय मात्र काढत नाही.

माझं एवढंच. हा जुना डिस्ट्रिब्युटर मी संध्याकाळपर्यंत इथेच ठेवते आहे. टोपीतली काळी रेघ दिसण्यासाठी खिडकीपाशी घेऊन जा, दांडा हलवून बघा. हात काळे होतील, बाहेर मोरीवर साबण ठेवला आहे.