लिफाफ्यावरचा पत्ता



मी जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर. एकदा युनियनची जुळवाजुळव आम्ही व्हॉट्सॲपवर केली. आठवड्याच्या आत आमची यादी मालकाच्या टेबलावर! फितूर कोण, या संशयात एक चांगला कार्यकर्ता आम्ही गमावला. पुढे कळले, फितूर माणूस नव्हता. एकाचा फोन कंपनीने दिलेला होता.

२०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाटेत कुलूपबंद असतो, हे खरे. पण फोनच ज्याच्या ताब्यात, त्याला किल्ली कशाला हवी? शिवाय कोणी कोणाला, केव्हा लिहिले, हा लिफाफ्यावरचा पत्ता व्हॉट्सॲप चालविणाऱ्यांना दिसू शकतोच. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी आपल्या यंत्रावर इतिहास ठेवीत नाही, एवढेच. कचेरीच्या वायफायपासून ती काही लपवीत नाही. म्हणून आपले काम आपल्याच फोनवर, आपल्याच पैशाच्या इंटरनेटवर करावे.

कोणी विचारतील, चोरी नाही तर लपविता कशाला? मग मतदानाला आडोसा कशाला? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हक्क मिळाला, तो राखायचा मात्र आपणच. त्या कार्यकर्त्याची मी क्षमा मागितली. तो परत आला नाही.