रविवारची जागा
(अभ्यासवर्गातील भाषण)



गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मालकांच्या दयेने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. सहा वर्षांच्या झगड्यानंतर, 10 जून 1890 रोजी, गिरणीमालकांना साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य करावी लागली. परंतु ज्या चाळीत एका पाळीचे कामगार उठल्यावर त्याच पथारीवर दुसऱ्या पाळीचे झोपत, तेथे तो रविवार घालवावयाचा कोठे? वेळ जिंकल्यानंतर जागेचा प्रश्न उभा राहतो. आणि तोही वर्गीय प्रश्नच आहे.

मुंबईप्रमाणेच कापसावर पोसलेल्या मँचेस्टरमध्ये तरुण कामगारांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. शहराजवळचे किंडर स्काउटचे पठार जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. 24 एप्रिल 1932 रोजी, रविवारीच, सुमारे चारशे तरुण बंदी मोडून त्या पठारावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा कम्युनिस्ट युवक होता. राखणदारांशी झटापट झाली, अटका झाल्या आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. लढा मात्र थांबला नाही. अनेक संघटनांच्या रेट्यामुळे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. 1951 साली तोच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनला. इंग्लंड व वेल्समधील मोकळ्या डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क मिळण्यास मात्र 2000 साल उजाडावे लागले.

मुंबईत याच्या उलट घडले. गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी व एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावी, असा नियम 1991 साली झाला. 2001 सालच्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे उद्याने व्हावयाची, तेथे मनोरे उभे राहिले.

तरीही जे शिल्लक आहे, तेही पुष्कळांच्या नजरेआड आहे. शिवडीच्या टेकडीवरील लहानशा किल्ल्यावरून सारे बंदर दिसते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खालच्या खाजणात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. धारावीला लागून, जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई, तेथे सुमारे 37 एकरांचे निसर्ग उद्यान वाढविण्यात आले. ते 1994 साली लोकांसाठी खुले झाले. या जागांपासून हाकेच्या अंतरावर जन्म काढलेल्या कित्येकांनी त्या कधी पाहिलेल्या नाहीत.

ज्या टेकडीवर कोणी फिरकत नाही, ती एके दिवशी पत्र्याच्या कुंपणाआड जाते आणि तिच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही. ज्या जागेशी जनतेची ओळख आहे, तिचेच रक्षण जनता करते.

म्हणून इंदूर असो, बडोदे, हैदराबाद वा बंगळूर असो, प्रत्येक शाखेने महिन्यातील एक रविवार यासाठी राखावा. वस्तीतील स्त्रिया, मुले व वृद्ध यांना सोबत घेऊन जवळचा तलाव, टेकडी, नदीकाठ पायी पाहावा. ती जमीन कोणाच्या नावावर आहे, विकास आराखड्यात तिच्यावर कोणते आरक्षण आहे, अतिक्रमण कोणी केले आहे, याची टिपणे करावीत व ती वस्तीच्या सभेत मांडावीत. रविवार कामगारांनी लढून मिळविला. त्या रविवारची जागाही लढूनच राखावी लागेल.