पडद्यावरचा बोरघाट



वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक गंभीर विषय ह्या व्यासपीठाने ऐकले आहेत. तेथे आम्ही संगणकावरच्या आगगाडीच्या खेळावर बोलायला उभे राहिलो, ह्याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. आमची हरकत नाही. केस पिकलेल्या माणसाने रात्री पडद्यासमोर बसून लटकी गाडी हाकावी, ह्याला आमच्या घरातही रोज हसतात. पण ह्या खेळाने आम्हांला एक धडा शिकवला, तो आपल्यापुढे ठेवावा म्हणून आजचे निमंत्रण आम्ही स्वीकारले.

२००१ साली ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ नावाचा खेळ बाजारात आला. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल हा डोंगराळ लोहमार्ग त्यात होता. वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल लागतो, आणि ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन आपण स्वतः चालवायचे. पण खरी मौज वेगळीच होती. खेळाबरोबर मार्ग बांधण्याची हत्यारेही दिलेली होती! मग ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी आपापल्या गावावरून जाणारे मार्ग बांधायला घेतले. आम्ही पुण्याचे, आमच्या डोळ्यांपुढे बोरघाटावाचून दुसरे काय येणार?

प्रथम जमीन लागते. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एन्डेव्हर’ ह्या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची रडारने मोजली. त्यातून सुमारे ९० मीटर अंतराने घेतलेली उंचीची आकडेवारी सर्वांना खुली झाली. ती खेळात ओतली की डोंगर आपोआप उभे राहतात. आम्ही मोठ्या उत्साहाने ओतली, आणि पाहतो तो काय, खंडाळ्याची नागफणी पानात वाढलेल्या भाताच्या मुदीसारखी गोल! दोन मोजलेल्या बिंदूंच्या मधे जो कडा तुटलेला असतो, तो आकड्यांच्या हाती लागत नाही. तो हातानेच तासावा लागतो. त्यासाठी नागफणी नीट पाहिलेली हवी. शेकडो वेळा त्या खिडकीतून प्रवास करूनही तिची कोणती कड कोणीकडे झुकते, हे आम्हांला सांगता येईना. पुन्हा तिकीट काढून, वही घेऊन जावे लागले.

पुढे ऋतूंची पंचाईत. खेळात ऋतू चार: वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा. पाऊस आहे, बर्फसुद्धा आहे. पण आपला पावसाळा हा ऋतूच नाही! जूनमध्ये डोंगराचा रंग पालटतो, कड्याकड्यांवरून पाणी कोसळू लागते, ते कुठे घालायचे? शेवटी त्यांच्या शरदाला आम्ही श्रावण केले. झाडे हिरवी केली, धबधबे सोडले, आणि आपल्यावरच खूष झालो.

आता गाडी हाकण्याविषयी. घाटाचा चढ काही ठिकाणी सदतिसास एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण हिशेब करा: एक हजार टनांची गाडी अशा चढावर उभी असेल, तर तिला सुमारे सत्तावीस टनांची ओढ सतत खाली खेचत असते. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. उतरताना तर गाठ ब्रेकशी. ब्रेक घटकेत लावला, घटकेत सोडला, असे वारंवार केले की टाक्यांतली हवा उतरते आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेक दुबळा पडतो. पहिल्या रात्री आमची गाडी अशीच सुटली. पडद्यावर ती रुळावरून घसरली, आणि आम्ही चहा प्यायलो. खेळाचा हा एक मोठा दोष आहे; चूक केली तरी चहा मिळतो.

आमच्या आळीत एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची बरीच नोकरी ह्या घाटात गेली. मार्ग पुरा झाल्यावर आम्ही त्यांना मोठ्या अभिमानाने बोलावले. धबधबे पाहून त्यांनी मान डोलावली. उतरणीला लागल्यावर त्यांनी लवकरच ब्रेक लावला, तो सोडला नाही, आणि मंकी हिलशी गाडी उभी केली.

“अण्णा, थांबलात का? सिग्नल हिरवा आहे,” आम्ही म्हणालो.

“कॅच सायडिंग कुठाय?”

“ती घातली नाही. देखाव्यात तिने काही भर पडत नाही.”

अण्णांनी आमच्याकडे पाहिले. “गाडी पळाली तर तुमच्या धबधब्यावर अडकणार का हो?”

श्रोतेहो, आम्हांला उत्तर सुचेना. कॅच सायडिंग म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा एक रूळ. तिथला सांधा एरवी तिकडेच लावलेला असतो. उतरती गाडी अलीकडे थांबली, ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. थांबू शकली नाही, तर ती सायडिंगवर चढून थकते आणि माणसे वाचतात. इतकी वर्षे मंकी हिलला आणि ठाकूरवाडीला गाडी थांबली की आम्ही घड्याळ पाहून चुकचुकत होतो! खिडकीतून आम्ही देखावा पाहिला. तो देखावा आम्हांला सुखरूप पाहता यावा म्हणून केलेली व्यवस्था मात्र आमच्या नजरेला कधी पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मार्ग पुन्हा बांधायला घेतला. अण्णा शेजारी बसून सांगतात: इथे शिट्टी, इथे बोगद्यातून बाहेर येताना रूळ ओला असतो, इथे हात ब्रेकवर. ह्यातले काही यानाच्या मोजणीत नाही, नकाशातही नाही. आणि अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

१८६३ साली घाट सुरू झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ एक उलटफेरीचे स्थानक होते. गाडी तिथे जाऊन थांबे, इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला जोडत आणि गाडी उलट दिशेने पुढे निघे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते बंद पडले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या वाट्यालाही ते आले नाही. ते पडद्यावर पुन्हा उभे करावे, अशी आमची इच्छा आहे. छायाचित्रे मिळतात, मापेही मिळतील. परंतु तिथे गाडी कशी उलटवीत, पावसात कोण कुठे कंदील धरून उभा राही, हे सांगणारा माणूस आता कुठून आणायचा?

म्हणून एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या आळीतही एखादे अण्णा असतील. रेल्वेतले, गिरणीतले, छापखान्यातले. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जा, आणि त्यांचे काम कसे चाले ते विचारा. जाताना वही मात्र न्या.