मुलीच्या पाठीवरचा चट्टा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मुलांच्या अंगावर काही उठले की घरात पहिला जाब आईला विचारला जातो. काय खायला घातलेस, कुणाची नजर लागली, देवीचे काही करायचे राहिले का? मग आई ते झाकते. मुलगी असेल तर जास्तच झाकते. आज मी मुख्यतः या झाकण्याबद्दल बोलणार आहे.

गालावर फिकट, कोरडे डाग बऱ्याच मुलांना येतात. जंत झाले, कॅल्शियम कमी पडले, असे लोक म्हणतात. बहुधा ती नुसती कोरडी त्वचा असते. तेल लावावे, घाबरू नये. गजकर्णाला कड असते आणि ते खाजते. कोड खडूसारखे पांढरे असते, तिथे स्पर्श कळतो, ते कुणाला लागत नाही. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, हे वस्तीत शंभरदा सांगावे लागते.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच कुणी दवाखाना गाठत नाही. तिथे स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही, घाम येत नाही, लव झडते. तपासायला कापसाची वात पुरते. आधी मुलीला डोळे उघडे ठेवून दाखवा, मग मिटायला सांगा. चट्ट्यावर आणि चांगल्या कातडीवर आळीपाळीने वात टेकवा. घासू नका. जिथे कळेल तिथे तिने बोट ठेवायचे. लहान मुलांमध्ये हे फसते, आणि चेहऱ्यावरच्या चट्ट्यात बधिरपणा बऱ्याचदा सापडत नाही. शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्र. निदान करणे आपले काम नाही, पोहोचवणे आहे.

2016 पासूनच्या शोधमोहिमांत घरोघरी जाणाऱ्या जोडीत आशाताई असते, ती बायका-मुलींना तपासता यावे म्हणून. पण तीही दारातूनच “काही आहे का?” विचारून निघाली, तर पाठ कोण बघणार? तिला आत बोलवा, आडोसा करून द्या. आणि मुलात रोग सापडला तर बहुधा जवळच्या कुणा मोठ्या माणसाला तो उपचाराविना आहे, हे ओळखा. पुष्कळदा ती आई किंवा आजीच असते. तिने स्वतःचा चट्टा कधी दाखवलेलाच नसतो.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा किंवा बारा महिने. सुरू केल्यावर लवकरच संसर्ग थांबतो. शाळा बंद करायची गरज नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगा. गोळ्यांनी लघवी लालसर होते, आणि एका औषधाने कातडी काळवंडते. मुलगी काळी पडली की घरचे गोळ्या बंद करतात, लग्नाच्या भीतीने. औषध संपल्यावर हा रंग हळूहळू, काही महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा उतरतो. अर्धवट सोडलेल्या उपचारामुळे वाकडी झालेली बोटे मात्र सहसा आपोआप सरळ होत नाहीत.

कायद्याचेही सांगते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत होते. 2019 च्या दुरुस्तीने ते काढले. सासरचे धमकी देत असतील तर हे त्यांना ऐकवा.

तापाबरोबरच्या पुरळाला मात्र थांबायला वेळ नसतो. ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून सुरू होणारे पुरळ म्हणजे गोवर. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात त्याने मुले दगावली. खाणे-पिणे तोडू नका, अंगावरचे दूध चालू ठेवा, ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस लागोपाठ द्यायला लावा. आणि तापात लाल-जांभळे ठिपके आले, काचेचा पेला दाबूनही ते फिके पडले नाहीत, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय. सावळ्या मुलांत तळहात, तळपाय, पापणीच्या आत बघा.

आता दोघी-दोघींच्या जोड्या करा. कापूस या टेबलावर आहे. आधी एकमेकींच्या हातावर करून बघू.