तराजू, फीत आणि शिपाई



सैनिकाच्या अंगावर चरबी किती आहे हे कसे मोजावे, हा आमचा आजचा विषय आपणांस कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु या मोजणीवर अमेरिकी सैन्यात माणसाची बढती अडते, प्रसंगी नोकरीही जाते. म्हणून तो नीट पारखून घ्यावा हे बरे.

पूर्वी लष्करभरतीत उंची आणि वजन यांचे कोष्टक असे. उंचीच्या मानाने वजन अधिक भरले, की उमेदवार नापास. या कोष्टकास १९४२ साली अमेरिकी नौदलातील डॉक्टर बेन्के आणि त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी धक्का दिला. त्यांनी २५ धंदेवाईक अमेरिकी फुटबॉलपटू तपासले. कोष्टकाप्रमाणे त्यांपैकी १७ जण सैन्यास अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या अंगी चरबी थोडी होती. वजन होते ते स्नायूंचे. तालमीतला कसलेला मल्ल आणि गादीवर लोळणारा शेठजी यांतला भेद तराजूला कळत नाही, हेच त्यातून दिसले.

मग बेन्के यांना तो कळला कसा? आर्किमिडीजच्या तत्त्वाने. चरबी पाण्याहून हलकी. स्नायू व हाडे जड. समजा, एका माणसाचे वजन हवेत ८० किलो आणि पाण्यात बुडवून ४ किलो भरले. म्हणजे, फुप्फुसात उरलेल्या हवेचा हिशेब चुकता करून, त्याच्या देहाने ७६ लिटर जागा व्यापली. ८० ला ७६ ने भागले की घनता १.०५ येते, आणि पुढे सिरी यांनी दिलेल्या सूत्राने चरबी सुमारे २० टक्के निघते.

पण लाखो शिपायांना हौदात कोण बुडवणार? १९८४ साली हॉजडन आणि बेकेट यांनी नौदलासाठी सोपी वाट काढली. पुरुषाच्या पोटाचा घेर घ्यायचा, त्यातून मानेचा घेर वजा करायचा, आणि उंचीशी मेळ घालून टक्केवारी काढायची. स्त्रियांच्या बाबतीत कमर, नितंब व मान अशी तीन मापे. शिंप्याच्या फितीने काम भागले! भूदलानेही पुढे हीच रीत उचलली.

आता हिशेब पाहा. वीस वर्षांचा तरुण; उंची ५ फूट १० इंच, पोट ३६ इंच, मान १६ इंच. चरबी निघते १९.४ टक्के. भूदलाची या वयाची मर्यादा तेव्हा २० टक्के होती, तो उत्तीर्ण. त्याच्याच शेजाऱ्याची मान १५ इंच, बाकी सारे तेच; त्याची चरबी २१.३ टक्के, तो अनुत्तीर्ण. फीत किंचित सैल धरली, श्वास आत ओढला, तरी निकाल फिरू शकतो. एका इंचावर एखाद्याची बढती टांगावी काय?

हा प्रश्न तेथेही उठला. २०२३ साली भूदलाने मानेचे माप सोडून पोटाचा घेर व वजन यांवर भिस्त ठेवली. त्याच वर्षी शारीरिक कसोटीत ६०० पैकी ५४० गुण, आणि प्रत्येक प्रकारात किमान ८०, मिळवणाऱ्यास फितीतून सूटही दिली. ओझे उचलणारा, धावणारा शिपाई समोर असता त्याची कंबर कशाला मोजावी, हा त्यातला रोकडा विचार आम्हांस पटतो.

मात्र यावरून चरबी मोजूच नये असे कोणी समजू नये. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा दाखला २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे नेमके सारखे, २२.३. पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! अंगाने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांत मधुमेह का शिरतो, याची एक खूण त्यात आहे. तराजू तेथे मल्लावर अन्याय करतो, आणि येथे आपणांस खोटा धीर देतो.

तेव्हा माप जरूर घ्यावे. पण ते कशासाठी घेतो हे आधी ठरवावे. शिपायाची लायकी त्याच्या कामावरून ठरवावी, आणि आपल्या प्रकृतीची काळजी केवळ वजनावर सोडू नये.